सर्व्हरवर आयस्कझी ऑफलोड: कार्ड बसवण्यापासून पडताळणीपर्यंत

सोलापूरच्या अक्कलकोट रस्ता एमआयडीसीतील एखाद्या टॉवेल कारखान्यात, रुग्णालयात किंवा महाविद्यालयात सर्व्हरची संख्या एकावरून तीन-चारवर गेली, की प्रत्येक सर्व्हरमध्ये वेगळ्या डिस्क बसवण्याऐवजी सर्वांचा डेटा एका सामायिक स्टोरेजमध्ये ठेवण्याचा विचार पुढे येतो. फायबर चॅनेल या केवळ स्टोरेजसाठीच्या वेगळ्या नेटवर्कचा खर्च पेलवणारा नसेल, तर नेहमीच्या इथरनेटवरून चालणारे आयस्कझी हा त्यावरचा रुळलेला मार्ग आहे. या लेखात त्याच्या एका विशिष्ट प्रकाराची मांडणी पायरीपायरीने दिली आहे: ज्यात टीसीपी आणि आयस्कझीचे काम सर्व्हरचा प्रोसेसर करत नाही, तर नेटवर्क कार्डच ते अंगावर घेते. यालाच ऑफलोड म्हणतात. लिनक्सची सर्वसाधारण ओळख आहे, पण स्टोरेज नेटवर्क अद्याप उभारलेले नाही, असा वाचक येथे गृहीत धरला आहे. कमांड आणि फाइलींची नावे देवनागरीत लिहिली आहेत. टर्मिनलवर ती रोमन लहान अक्षरांत (‘आयस्कझी’ हे आय-एस-सी-एस-आय असे) आणि आकडे इंग्रजी अंकांत लिहावेत. मोठे अक्षर लागते, तेथे तसे सांगितले आहे.

कार्ड नेमके कोणते काम उचलते

आयस्कझी म्हणजे डिस्कला दिल्या जाणाऱ्या स्कझी आज्ञा टीसीपीच्या जोडणीतून पाठवण्याची पद्धत होय. तिचे पहिले प्रमाणित रूप २००४ मध्ये आरएफसी ३७२० या इंटरनेट मानकात प्रसिद्ध झाले आणि २०१४ मध्ये आरएफसी ७१४३ ने त्याची जागा घेतली. मागणी करणाऱ्या सर्व्हरला इनिशिएटर, पुरवठा करणाऱ्या स्टोरेजला टार्गेट आणि टार्गेटने देऊ केलेल्या प्रत्येक आभासी डिस्कला लन म्हणतात. टार्गेट सामान्यतः टीसीपीच्या ३२६० क्रमांकाच्या पोर्टवर ऐकत असते.

१० गिगाबिटची जोडणी पूर्ण भरली आणि फ्रेम नेहमीच्या १५०० बाइटच्या असतील, तर सेकंदाला सुमारे ८.१२ लाख फ्रेम येतात. त्या जोडणे, चेकसम तपासणे, पोच देणे आणि त्यातला डेटा योग्य ठिकाणी नकलणे हे सारे प्रोसेसरने करायचे, तर त्याचा वेळ खर्च होणारच. हा भार कमी करण्याचे तीन स्तर आहेत आणि नवख्या व्यक्तीचा गोंधळ बहुतेक वेळा या तिन्हींची सरमिसळ झाल्यामुळे होतो. पहिला स्तर चेकसम आणि मोठ्या तुकड्यांचे विभाजन कार्डावर सोपवण्याचा. तो आजच्या जवळजवळ प्रत्येक सर्व्हर-कार्डात असतो आणि साध्या सॉफ्टवेअर आयस्कझीलाही आपोआप मिळतो. दुसऱ्या स्तरात संपूर्ण टीसीपी जोडणी आणि आयस्कझीची पॅकेटे कार्डच हाताळते, आणि हा लेख त्याविषयीच आहे. तिसरा स्तर आरडीएमएचा, म्हणजे प्रोसेसरला मध्ये न घेता एका यंत्राच्या मेमरीतून थेट दुसऱ्याच्या मेमरीत डेटा नेण्याचा. आयसर हे आयस्कझीचे त्यावर चालणारे रूप आहे. त्याची मांडणी वेगळी असून येथे तिचा विचार केलेला नाही.

लिनक्सच्या नेटवर्क विभागाने संपूर्ण टीसीपी कार्डावर सोपवण्याची कल्पना मुख्य कर्नलमध्ये स्वीकारली नाही. त्यामुळे दुसऱ्या स्तराचे ऑफलोड नेटवर्क ड्रायव्हरच्या आडून नव्हे, तर स्कझीच्या ड्रायव्हरमधून पुरवले जाते. ब्रॉडकॉमच्या नेटएक्स्ट्रीम टू घराण्याच्या कार्डांसाठी बीएनएक्स२आय, क्यूलॉजिकच्या फास्टलिंक कार्डांसाठी क्यूईडीआय आणि चेल्सिओच्या कार्डांसाठी सीएक्सजीबी४आय हे असे ड्रायव्हर आहेत. बीएनएक्स२आय आणि क्यूईडीआय यांच्या बाबतीत याचा थेट परिणाम असा, की एकाच भौतिक पोर्टवर दोन स्वतंत्र ओळखी राहतात: एक कर्नलच्या नेटवर्कची आणि दुसरी कार्डातील आयस्कझीची, आणि दोघींना वेगळे आयपी पत्ते लागतात. ही गोष्ट मनात पक्की बसली, तर पुढच्या बहुतेक पायऱ्यांचे कारण सहज लक्षात येते. खालील उदाहरणे याच प्रकारच्या कार्डांची आहेत.

खरेदीपूर्वी

माझे स्पष्ट मत असे आहे, की ऑफलोड हवेच हे गृहीत धरून खरेदीला निघू नये. आजच्या प्रोसेसरवर १० गिगाबिटचे सॉफ्टवेअर आयस्कझी पुष्कळदा विनासायास चालते. प्रोसेसर आभासी यंत्रांनी किंवा डेटाबेसने आधीच भरलेला असेल, किंवा डेटाबेसचा परवाना कोअरच्या संख्येवर आकारला जात असल्याने प्रत्येक कोअरची किंमत मोजावी लागत असेल, तेथे ऑफलोडचा खर्च सार्थकी लागतो. टार्गेटमध्ये फिरत्या डिस्क असतील, तर मात्र अपेक्षा आवरावी. मिनिटाला ७२०० फेरे घेणाऱ्या डिस्कला हवी ती जागा खाली येईपर्यंत सरासरी ४ मिलिसेकंदांहून अधिक काळ केवळ फिरण्यात जातो. कार्डाने वाचवलेले मायक्रोसेकंद त्यापुढे दिसतच नाहीत.

कार्ड घेताना ते वापरात असलेल्या लिनक्स वितरणाच्या त्याच आवृत्तीत चालते का, हे वितरणाच्या प्रकाशन-टिपणात पाहावे, कारण नव्या आवृत्त्यांमधून जुन्या कार्डांचा आधार काढून टाकला जातो आणि वापरलेले स्वस्त कार्ड घेणाऱ्याला नेमकी तीच अडचण येते. काही जुन्या सर्व्हरांवर मदरबोर्डवरील पोर्टचे ऑफलोड उघडण्यासाठी वेगळी परवाना-किल्ली लागत असे, हेही विक्रेत्याला विचारून घ्यावे.

सोलापूरच्या हवेचा विचार येथेच करणे आवश्यक आहे. एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० अंशांच्या वर असतो, आणि मागांच्या जवळच्या इमारतीत सुताचे बारीक तंतू पंख्यांच्या जाळ्यांवर बसत राहतात. ऑफलोड कार्ड साध्या कार्डापेक्षा अधिक तापते, कारण त्यावरची चिप अधिक काम करते. म्हणून सर्व्हर आणि स्विच एकाच रॅकमध्ये असतील, तर आरजे-४५ च्या १० गिगाबिट पोर्टांऐवजी एसएफपी प्लस पोर्ट आणि तयार जोडलेली तांब्याची डीएसी केबल घ्यावी. तिच्यात वीज आणि उष्णता दोन्ही कमी खर्च होतात. कार्डाच्या शेजारचा स्लॉट शक्यतो रिकामा सोडावा आणि रॅकच्या जाळ्यांची सफाई ठराविक दिवशी करण्याची जबाबदारी एका नेमक्या व्यक्तीकडे द्यावी.

नेटवर्कची आखणी आणि कार्डाची ओळख

स्टोरेजची वाहतूक कार्यालयाच्या संगणकांच्या नेटवर्कमध्ये मिसळू नये. शक्य असल्यास दोन स्वतंत्र स्विच, नाहीतर किमान स्वतंत्र व्हीलॅन (एकाच स्विचवर आखलेले आभासी वेगळे नेटवर्क) ठेवावे, आणि सर्व्हरकडील पोर्ट साध्या ॲक्सेस पद्धतीने, म्हणजे फ्रेमवर व्हीलॅनची खूण न लावता, त्या व्हीलॅनला जोडावेत, म्हणजे कार्डात व्हीलॅन क्रमांक भरण्याची वेळच येत नाही. दोन पोर्टांसाठी दोन वेगळे सबनेट घ्यावेत. आपल्या उदाहरणात पहिला १९२.१६८.५०.० आणि दुसरा १९२.१६८.६०.० आहे. टार्गेटचे पत्ते ५०.१०० आणि ६०.१००, सर्व्हरच्या नेटवर्क-ओळखीचे ५०.११ आणि ६०.११, तर कार्डातील आयस्कझी-ओळखीचे ५०.२१ आणि ६०.२१ असे ठेवू. हे सहाही पत्ते कागदावर लिहून रॅकच्या दाराला आतून चिकटवावेत.

सर्व्हर सुरू होताना यूईएफआयच्या, म्हणजे लिनक्सआधी चालणाऱ्या फर्मवेअरच्या, पडद्यावरून कार्डाच्या मांडणीत जावे आणि त्या पोर्टवर आयस्कझी ऑफलोड चालू आहे का, ते पाहावे. अनेक कार्डांत ते बंद ठेवलेलेच येते. त्याच वेळी फर्मवेअर अद्ययावत करून घ्यावे. लिनक्स सुरू झाल्यावर ‘एलएसपीसीआय’ कमांडच्या सविस्तर रूपात कार्डाला किती पीसीआय लेन मिळाल्या, ते तपासावे. आठ लेनचे कार्ड चार लेनच्या स्लॉटमध्ये बसले, तरी ते चालते. फक्त जुन्या सर्व्हरवर दोन्ही पोर्ट एकाच वेळी भरले, की मंद पडते, आणि मग दोष निष्कारण आयस्कझीला दिला जातो.

यानंतर पॅकेज बसवावीत. डेबियन आणि उबुंटूवर ‘ओपन-आयस्कझी’, तर रेड हॅट घराण्यात ‘आयस्कझी-इनिशिएटर-युटिल्स’ या नावाने साधने मिळतात. बीएनएक्स२आय आणि क्यूईडीआय या ड्रायव्हरांना ‘आयस्कझीयूआयओ’ ही आणखी एक सेवा लागते, कारण एआरपीसारखी (आयपी पत्त्यावरून मॅक पत्ता शोधण्याची) कामे कार्डाच्या वतीने तीच करते. ही सेवा चालू नसेल, तर सारे काही बरोबर भरूनही लॉगिन वेळ संपून अपयशी ठरते.

‘/ईटीसी/आयस्कझी/इनिशिएटरनेम.आयस्कझी’ या फाइलीत सर्व्हरचे आयक्यूएन, म्हणजे आयस्कझीपुरते एकमेव असे ओळख-नाव असते. त्यात ‘आयक्यूएन’ या शब्दानंतर वर्ष व महिना, मग संस्थेचे डोमेन उलट्या क्रमाने आणि अपूर्णविरामानंतर (:) आपण ठरवलेले नाव, अशी रचना असते. महिना असा निवडायचा, ज्या महिन्यात ते डोमेन संस्थेच्या मालकीचे होते. एका सर्व्हरची डिस्क जशीच्या तशी नकलून दुसरा सर्व्हर तयार केला असेल, तर दोघांचे नाव एकच राहते आणि टार्गेट दोघांना एकच समजते. यातून होणारे नुकसान भरून येत नाही. म्हणून नकलेल्या यंत्रावर हे नाव सर्वांत आधी बदलावे.

आधी सॉफ्टवेअरने जोडणी

ऑफलोडची घाई न करता तोच पोर्ट, तीच केबल आणि तेच टार्गेट वापरून आधी साधी सॉफ्टवेअर जोडणी करावी, असा माझा आग्रह आहे. ती चालली, म्हणजे केबल, स्विच, पत्ते आणि टार्गेटवरील परवानगी हे सारे ठीक आहे असे सिद्ध होते, आणि नंतर काही अडले तर शोध केवळ कार्डापुरता उरतो. सरावासाठी स्टोरेज पेटी हाताशी नसेल, तर दुसऱ्या लिनक्स यंत्रावर ‘टार्गेटसीएलआय’ने टार्गेट उभारता येते, त्यामागील एलआयओ ही प्रणाली २०११ च्या २.६.३८ या आवृत्तीपासून कर्नलमध्येच आहे.

मोठ्या फ्रेम वापरायच्या असतील, तर सर्व्हर, स्विच आणि टार्गेट या तिन्ही ठिकाणी एमटीयू (एका फ्रेममध्ये मावणाऱ्या डेटाची कमाल मर्यादा) ९००० करावे. त्यामुळे भरलेल्या १० गिगाबिट जोडणीवरील फ्रेमची संख्या सेकंदाला सुमारे १.३८ लाखांवर येते. तपासणीसाठी पिंग करताना तुकडे न करण्याचा पर्याय आणि ८९७२ बाइटचा आकार द्यावा. ९००० मधून आयपीचे २० आणि आयसीएमपीचे ८ बाइट वजा केले, की हा आकडा मिळतो. साधे पिंग जाते आणि हे मोठे पिंग जात नाही, तर मधला एखादा दुवा अजून १५०० वर अडला आहे. ही तपासणी वगळली, तर लॉगिन होते, लनही दिसते, पण पहिली मोठी फाइल लिहिताना जोडणी गोठते, आणि त्याचे कारण शोधण्यात अख्खा दिवस जातो.

मग ‘आयएससीएसआयएडीएम’ या कमांडने ‘-एम डिस्कव्हरी -टी एसटी’ आणि टार्गेटचा पत्ता देऊन शोध घ्यावा, ‘-एम नोड’ आणि ‘-एल’ या पर्यायांनी लॉगिन करावे आणि ‘एफआयओ’ या साधनाने काही मिनिटे केवळ वाचनाची चाचणी घ्यावी. मिळालेला वेग आणि त्या वेळी ‘टॉप’मध्ये दिसलेला प्रोसेसरचा वापर हे दोन्ही लिहून ठेवावेत. त्यानंतर लॉगआउट करून नोडची, म्हणजे सर्व्हरवर साठवलेली या टार्गेटची, नोंद पुसून टाकावी, नाहीतर सर्व्हर पुन्हा सुरू झाल्यावर जुनी सॉफ्टवेअर जोडणी आपोआप जागी होऊ शकते.

कार्डाची ओळख भरणे आणि लॉगिन

‘आयएससीएसआयएडीएम -एम आयफेस’ ही कमांड दिली, की उपलब्ध ओळखींची यादी येते. ‘डीफॉल्ट’ आणि ‘आयसर’ अशा दोन ओळी त्यात नेहमीच असतात. आयसर दिसले म्हणून कार्डाला आरडीएमए येते असे समजू नये. आपल्याला हवी ती ओळ ड्रायव्हरच्या नावाने सुरू होते आणि पुढे टिंब देऊन कार्डाचा मॅक पत्ता असतो. ती दिसत नसेल, तर नेटवर्क पोर्ट चालू आहे का, संबंधित स्कझी ड्रायव्हर लोड झाला आहे का, आणि यूईएफआयमध्ये ऑफलोड खरोखर उघडले होते का, हे याच क्रमाने पाहावे. हा मॅक पत्ता अनेक कार्डांत नेटवर्क-ओळखीच्या मॅकपेक्षा वेगळा असतो. स्विचवर पोर्ट-सुरक्षा लावून एकाच मॅकला परवानगी दिली असेल, तर आयस्कझीची फ्रेम तेथेच टाकून दिली जाते.

या ओळखीला पत्ता देण्यासाठी त्याच कमांडला ‘-आय’ या मोठ्या अक्षरातील पर्यायानंतर ओळखीचे पूर्ण नाव, मग ‘-ओ अपडेट’, ‘-एन आयफेस.आयपीॲड्रेस’ आणि ‘-व्ही १९२.१६८.५०.२१’ असे द्यावे. दुसऱ्या पोर्टच्या ओळखीला ६०.२१ द्यावे. नेटवर्क-ओळखीचाच ५०.११ हा पत्ता येथे पुन्हा वापरू नये.

आता शोध आणि लॉगिन दोन्ही पुन्हा करावेत, मात्र या वेळी प्रत्येक कमांडमध्ये ‘-आय’ देऊन कार्डाच्या ओळखीचे नाव स्पष्ट लिहावे. ते लिहिले नाही, तर जोडणी निमूटपणे सॉफ्टवेअरमधून होते आणि सारे काही सुरळीत चालत असल्यामुळे कोणाला संशयही येत नाही. ऑफलोडसाठी पैसे मोजून वर्षभर सॉफ्टवेअर आयस्कझी चालवले जाते, ते या एका विसरलेल्या पर्यायामुळे.

टार्गेटवर या सर्व्हरच्या आयक्यूएनपुरतीच परवानगी ठेवावी आणि चॅप हे प्रमाणीकरण लावावे. त्याचा गुप्त शब्द किमान १२ अक्षरांचा असावा. ऑफलोडच्या बाबतीत ही काळजी अधिक महत्त्वाची आहे, कारण कार्डातून जाणारी आयस्कझीची वाहतूक कर्नलच्या नेटवर्क विभागातून जातच नाही आणि सर्व्हरवर लिहिलेले फायरवॉलचे नियम तिला लागू होत नाहीत. संरक्षण स्विचवर आणि टार्गेटवरच करावे लागते.

ऑफलोड खरेच चालू आहे का

कार्डाच्या खोक्यावर काय छापले आहे किंवा ड्रायव्हर लोड झाला आहे का, यावरून या प्रश्नाचे उत्तर मिळत नाही. ‘आयएससीएसआयएडीएम -एम सेशन’ ही कमांड द्यावी आणि प्रत्येक ओळीचा पहिला शब्द वाचावा. तो ‘टीसीपी’ असेल, तर जोडणी सॉफ्टवेअरची आहे. तेथे ड्रायव्हरचे नाव असेल, तरच ती कार्डाची आहे. ‘-पी ३’ हा मोठ्या अक्षरातील पर्याय जोडला, तर त्या सेशनमधून कोणती डिस्क आली, तेही कळते.

दुसरा पुरावा अनुपस्थितीचा आहे. एफआयओची चाचणी चालू ठेवून ‘टीसीपीडंप’ने ३२६० पोर्टवरील वाहतूक पाहावी, ऑफलोड खरे असेल, तर डेटा वेगाने वाहत असूनही तेथे काहीही दिसत नाही. ‘एसएस’ कमांडच्या यादीतही ती टीसीपी जोडणी नसते. याची दुसरी बाजू अशी, की नंतर कधी बिघाड झाला, तर नेहमीची नेटवर्क साधने उपयोगी पडत नाहीत आणि पॅकेटे पाहायची असल्यास स्विचवर पोर्ट मिररिंग करूनच, म्हणजे एका पोर्टच्या वाहतुकीची नक्कल दुसऱ्या पोर्टवर घेऊनच, ती पाहावी लागतात. त्याची रीत आधीच शिकून घ्यावी.

यानंतर पूर्वीचीच चाचणी चालवून आधी टिपलेल्या आकड्यांशी तुलना करावी. एका १० गिगाबिट पोर्टवर सेकंदाला १.२५ गिगाबाइटच्या वर वेग कधीही जाणार नाही. तुलना मुख्यतः प्रोसेसरच्या वापराची करायची आहे. तो ठळकपणे कमी झाला नसेल, तर सॉफ्टवेअर जोडणीकडे परत जाण्यात काहीच कमीपणा नाही, कारण तिची देखभाल कितीतरी सोपी आहे.

दोन मार्ग, एक डिस्क

दोन्ही पोर्टांवरून लॉगिन केल्यावर एकच लन दोन डिस्कांच्या रूपात दिसते. त्यांना एकत्र बांधण्यासाठी मल्टिपाथ वापरावे. नेटवर्क पोर्टांचे बाँडिंग, म्हणजे अनेक पोर्टांचा एकच पोर्ट करणे, येथे उपयोगाचे नाही, कारण ऑफलोडची वाहतूक सामान्यतः बाँडमधून जात नाही. ‘मल्टिपाथ -एलएल’ या कमांडने दोन्ही मार्ग सक्रिय असल्याची खात्री करावी. एक मार्ग तुटल्यावर आयस्कझी मूळ मांडणीत १२० सेकंद त्याच मार्गाची वाट पाहत राहते. ‘रिप्लेसमेंट टाइमआउट’ची ही किंमत मल्टिपाथ असताना ५ ते १५ सेकंदांवर आणावी, म्हणजे काम लवकर दुसऱ्या मार्गावर वळते. मग चाचणी चालू असताना एक केबल प्रत्यक्ष उपटून पाहावी. वाचन काही सेकंद थांबून पुन्हा सुरू झाले पाहिजे. ती केबल परत लावून, तिचा मार्ग यादीत परतल्यावरच दुसरी उपटावी.

लनवर फाइल सिस्टीम नेहमी मल्टिपाथच्या नावावर तयार करावी, सुट्या डिस्कवर नव्हे. एक्सटी४ किंवा एक्सएफएस असलेले एकच लन दोन सर्व्हरांवर एकाच वेळी माउंट करू नये. या फाइल सिस्टीम एकमेकींची दखल घेत नाहीत आणि डेटा काही मिनिटांत नासतो. ‘एफएसटॅब’मध्ये ‘_नेटडेव्ह’ आणि ‘नोफेल’ हे पर्याय लिहावेत आणि नोडची सुरुवात ‘ऑटोमॅटिक’ करावी.

वळवाच्या पावसात वीज गेली आणि यूपीएसही संपला, तर वीज परतल्यावर सर्व यंत्रे एकदम सुरू होतात. स्टोरेज पेटीला तयार व्हायला काही मिनिटे लागतात, आणि सर्व्हर मात्र त्याआधीच तिला शोधून मोकळा होतो. अनेक सर्व्हरांच्या मांडणीत वीज आल्यानंतर ठराविक काळ थांबून सुरू होण्याची सोय असते; ती वापरून आधी स्विच, मग स्टोरेज आणि शेवटी सर्व्हर हा क्रम ठरवून द्यावा. प्रत्येक कर्नल अद्ययावत केल्यानंतर सेशनच्या ओळींचा पहिला शब्द पुन्हा वाचण्याची नोंदही देखभालीच्या यादीत असू द्यावी.

ऑफलोड कार्ड बिघडले, तर त्याच जातीचे दुसरे कार्ड सोलापुरात त्याच दिवशी मिळेलच असे नाही. ते पुण्याहून किंवा आणखी दुरून मागवावे लागू शकते. तोवर काम थांबू नये, म्हणून एसएफपी प्लसचे दोन पोर्टांचे एक साधे १० गिगाबिट कार्ड कपाटात ठेवावे. आयक्यूएन तेच ठेवून, साध्या कार्डावर ५०.११ आणि ६०.११ हेच पत्ते देऊन सॉफ्टवेअर लॉगिन केले, की तीच लन, त्याच मल्टिपाथ नावाने पुन्हा दिसू लागते. टार्गेटवरील परवानगी आयपी पत्त्यांवरही बांधली असेल, तर त्या यादीत हे दोन पत्ते आजच लिहून ठेवावेत.